अनुभव धागा: मॅजेस्टिक सिनेमा कोणी आतून पाहिलाय?

परवा आईला घेऊन गिरगावात गेलो. टॅक्सीवाल्याला ती म्हणाली, "मॅजेस्टिकला घ्या." त्याने मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरपाशी उतरवलं आणि आई दोन मिनिटं नुसती उभी राहिली. तिच्या डोक्यातलं मॅजेस्टिक म्हणजे थिएटर. ते पाडून पन्नासेक वर्षं झाली, पत्ता सांगताना मात्र अजून उभंच असतं.

भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' इथेच लागला, १४ मार्च १९३१ला, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यापुढचं हवंय. कोणाबरोबर गेलात, खिशात किती पैसे होते, बाहेर काय खाल्लंत? सिनेमांच्या याद्या नकोत.

ठाकूरद्वारची मावशी
याद्या नकोत म्हणालास ते बरं झालं, मला सिनेमाचं नावच आठवत नाही! साल बहुतेक १९५८. आत्या आम्हा तीन भाचरंडांना ट्रामने घेऊन गेली. अंतर चालत जाण्याइतकंच, पण आत्याने नवीन नऊवारी नेसली होती. बाहेर गाण्यांची चोपडी विकायला असायची, एका आण्याला. पातळ, पिवळट कागद, शाई बोटांना लागायची. आत्याने ती घेतली आणि अंधार होईपर्यंत वाचत बसली. पडद्यावर गाणं सुरू झालं की तिचा बारीक आवाज त्यात मिसळायचा. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ वळून म्हणाला, "बाई, पैसे त्यांचं ऐकायला दिलेत." आत्या म्हणाली, "मग पुढे बघा."
ती चोपडी तिने पोथ्यांच्या फडक्यात बांधून ठेवली होती. ती गेल्यावर सापडली. मधली चार पानं कसरीने खाल्लेली.

मुगभाट
आमची ऐपत बाहेरच्या काचेपर्यंत. शाळेतून येताना काचेतले फोटो बघायचे आणि गोष्ट आपणच रचायची. पुढे त्यातला एक सिनेमा टीव्हीवर पाहिला. आमचीच गोष्ट बरी होती.

आजोबांचा नातू
आमचे आजोबा 'आलम आरा'च्या पहिल्या खेळाला होते म्हणे. शेजारच्यांचे आजोबाही होते. हिशेब केला तर अख्खं गिरगाव त्या एका खेळाला बसलं होतं! गर्दी आवरायला पोलीस आले आणि चार आण्यांचं तिकीट ब्लॅकमध्ये चार-पाच रुपयांना गेलं, हे मात्र छापून आलेलं आहे. आजोबा हिरोबद्दल, मास्टर विठ्ठलबद्दल, फार बोलायचे नाहीत. त्यांना लक्षात राहिला तो गाणारा फकीर, वझीर महंमद खान. 'दे दे खुदा के नाम पे' ते दाढी करताना म्हणायचे, चाल दर वेळी वेगळी. तपासणार कशी? त्या चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही. थिएटर गेलं, रिळं गेली, आजोबाही गेले. आता कोणी काहीही चाल लावावी.

जुनी पुस्तकं
सिनेमापेक्षा त्याचं नाव टिकलं ते पुस्तकांमुळे. केशवराव कोठावळ्यांनी मॅजेस्टिक सिनेमापाशी पुस्तकांचा स्टॉल टाकला म्हणून तो मॅजेस्टिक बुक स्टॉल. पुढे मॅजेस्टिक प्रकाशन, १९६४पासून 'ललित' मासिक. माझ्या मुलीला वाटायचं, मॅजेस्टिक हे कोठावळ्यांनी शोधलेलं भारदस्त नाव आहे. थिएटरचं आहे म्हटल्यावर जरा हिरमुसली.

मॅटिनी
थोडं विषयांतर. आम्ही दादरची पोरं, त्यामुळे मॅजेस्टिक ऐकून माहीत. आमचं थिएटर म्हणजे फिल्म सोसायटी जिथे खेळ लावेल ते. आमची सोसायटी प्रभात चित्र मंडळ, १९६८ची. मी बऱ्याच नंतर सभासद झालो. सोसायटीच्या परदेशी सिनेमांना सेन्सॉरची कात्री लागत नाही, हे कळल्यावर कॉलेजातले निम्मे मित्र एकदम कलासक्त झाले. पहिल्याच खेळाला दोन तास एक म्हातारा शेतातून चालत होता. मध्यंतरानंतर आम्ही चौघेच उरलो. त्यातला एक झोपला होता. ऐंशीच्या दशकात मंत्रालयाजवळच्या आकाशवाणी थिएटरात समांतर सिनेमे लागायचे. तिथून चर्चगेटपर्यंत भांडत चालत यायचं आणि शेवटची स्लो लोकल पकडायची. सिनेमा समजला नसेल तर भांडण जास्त रंगायचं.

(धागाकर्ता: विषयांतर चालेल. झोपलेला कोण ते सांगा.)

मॅटिनी
मीच.

खोताची वाडी, आता बोरिवली
पाडताना मी पाहिलंय. वडिलांचा हात धरून क्लासला जाताना रोज थोडं थोडं. एक दिवस छप्पर नव्हतं आणि आत ऊन पडलं होतं. तिथे दुपारचं ऊन पडू शकतं हे मला चमत्कारिक वाटलं. वडील म्हणाले, "चल, उशीर होतोय."

धागाकर्ता
आईला सगळं वाचून दाखवलं. मावशींच्या ट्रामवर तिचा आक्षेप आहे. म्हणते, "एवढ्याशा अंतराला ट्राम? त्या आत्याकडे पैसे फार होते." चोपडीचं ऐकून मात्र गप्प झाली, मग विचारलं, उरलेल्या पानांत गाणी कोणती आहेत? मावशी, बघून लिहाल का?