हनुवटीची शस्त्रक्रिया: इम्प्लांट की जिनिओप्लास्टी? (बासरी वाजवतो, म्हणून जास्त काळजी)

नमस्कार मंडळी,

वय २७, राहायला पुण्यात, वारज्यात. माझी हनुवटी लहानपणापासून मागे आहे. समोरून फारसं कळत नाही, पण बाजूने पाहिलं की खालच्या ओठानंतर थेट गळाच सुरू होतो. ओठ मिटायला जोर लावावा लागतो आणि तेव्हा हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे पडतात. इतकी वर्षं दाढीने झाकलं. आता मनावर घेतलंय, पैसेही साठवलेत.

महिनाभरात तिघांना दाखवलं. पहिल्या ठिकाणी एक्स-रेसुद्धा न काढता संगणकावर माझ्याच फोटोला हनुवटी लावून दाखवली आणि आठवड्यात पैसे भरले तर सवलत म्हणाले. तिथून उठून आलो.

दुसरे प्लास्टिक सर्जन. त्यांनी सिलिकॉनचं इम्प्लांट सुचवलं. हनुवटीखाली किंवा तोंडाच्या आतून छेद घेऊन ते हाडावर बसवतात. शस्त्रक्रिया लहान, नकोसं झालं तर काढता येतं. पण जंतुसंसर्ग होऊ शकतो, ते सरकू शकतं, आणि काहींचं त्याखालचं हाड दाबाने थोडं झिजतं.

तिसरे मॅक्सिलोफेशियल (जबडा आणि चेहऱ्याचे) सर्जन. त्यांनी आधी सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) काढायला लावला. त्यांचं मत जिनिओप्लास्टी: ओठाच्या आतून छेद, दातांच्या मुळांखाली हनुवटीचं हाड आडवं कापून पुढे सरकवायचं आणि टायटॅनियमची पट्टी, स्क्रू लावून पक्कं करायचं. जिभेचा एक स्नायू त्या हाडाला मागून जोडलेला असतो, तोही पुढे ओढला जातो आणि घशातली हवेची वाट थोडी मोकळी होऊ शकते. मी घोरतो, म्हणून हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. पण अख्खा खालचा जबडाच मागे असेल तर नुसती हनुवटी पुढे आणून भागणार नाही, आधी दातांना तारा आणि मग जबड्याची शस्त्रक्रिया, असंही म्हणाले. ते ठरवायला ऑर्थोडॉन्टिस्टकडे (दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे) पाठवलंय.

आता खरी अडचण. मी १२ वर्षं बासरी शिकतोय. खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव ज्या नसेमुळे असते, ती उपदाढांच्या खाली हाडातून बाहेर येते, आणि दोन्ही शस्त्रक्रिया तिच्या शेजारीच होतात. बधिरपणा बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, थोड्यांचा कायम राहतो. बासरीचं फुंकायचं भोक ओठाखाली नेमकं कुठे आलंय ते मला दिसत नाही, ओठाच्या कडेलाच कळतं. हे कळलं त्या रात्री ओठावर बर्फ धरून, बधिर झाल्यावर वाजवून पाहिलं. मध्य सप्तकातला सासुद्धा लागेना, नुसती हवा. तेव्हापासून झोप नाही.

ज्यांनी यातलं काही करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा, ओठाची जाणीव किती दिवसांनी परत आली? पूर्वीइतकी आली का? बासरी, सनई, सॅक्सोफोन वाजवणारं कोणी असेल तर जरूर लिहा. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर (इंजेक्शनने भरतात ते जेल) भरून आधी चेहरा कसा दिसतो ते पाहावं का? ते हळूहळू विरतं आणि इंजेक्शनने उतरवताही येतं, म्हणून विचारतोय. आणि केवळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला विमा सहसा मिळत नाही, पण घोरण्यासाठी केलेल्या झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट जोडून कुणाचा दावा मंजूर झालाय का?

डॉक्टरांची नावं इथे नकोत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ऑर्थोडॉन्टिस्टची वेळ शनिवारची आहे. त्याआधी कळलं तर तिथे काय काय विचारायचं ते लिहून नेता येईल.