चित्रातला पुरुष जागा आहे
ऑस्ट्रियन चित्रकार ओस्कार कोकोश्काच्या ‘वाऱ्याची नवरी’ (१९१३-१४) या चित्रातले प्रेमिक, म्हणजे तो स्वतः आणि त्याची प्रेयसी आल्मा माहलर, निसर्गाच्या कुशीत निर्धास्त झोपले आहेत, असे एक मत आहे; ते मला निम्मेच पटते. आल्मा त्याच्या खांद्यावर डोके टेकवून गाढ झोपली आहे खरी, पण शेजारच्या कोकोश्काचे डोळे टक्क उघडे आहेत, आणि एकमेकांत गुंतवलेली त्याची गाठाळ बोटे पाहिली की निळ्या-हिरव्या वादळाचा सगळा ताण तिथेच एकवटल्यासारखा वाटतो. हे नाते टिकले नाही; १९१५ मध्ये आल्माने वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियसशी लग्न केले.

आणखी एक गोष्ट: हे चित्र जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संग्रहालयात होते, नाझी राजवटीने ते ‘अधःपतित कला’ ठरवून तिथून काढले आणि १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या कलासंग्रहालयाने विकत घेतले, म्हणूनच ते आज पाहायला मिळते.