‘पेटी ट्रीझन’मधला खून किरकोळ कसा?

नदीकाठ:
एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचताना ‘पेटी ट्रीझन’ हा जुना इंग्लिश गुन्हा भेटला. नवऱ्याचा खून करणाऱ्या बाईवर हा आरोप ठेवत. खून आणि तो ‘पेटी’? आपण तर किरकोळ गुन्ह्याला पेटी ऑफेन्स म्हणतो. शिवाय सर म्हणाले, व्हिलन म्हणजे मूळचा शेतकरी. जाणकारांनी उलगडून सांगावं.

जुना दुभाषा:
कोर्टात भाषांतरं करण्यात माझी नोकरी गेली, म्हणून सविस्तर लिहितो. पेटी हा फ्रेंचमधून आला. अर्थ ‘लहान’, त्यात क्षुद्रपणा नव्हता. आपल्याकडे थोरली पाती, धाकटी पाती म्हणतात, तसंच हे. ट्रीझन म्हणजे द्रोह. राजाशी द्रोह तो थोरला, घरच्या धन्याशी द्रोह तो धाकटा. १३५१ च्या कायद्यात नोकराने धन्याला, बायकोने नवऱ्याला आणि धर्मगुरूने आपल्या वरिष्ठाला मारणं, हे तिन्ही धाकट्या द्रोहात येत. नवऱ्याने बायकोला मारलं तर तो मात्र साधा खून! बाईला त्यासाठी जाळण्याची शिक्षा होती, ती १७९० मध्ये थांबली. गुन्ह्याचा हा प्रकारच १८२८ मध्ये रद्द झाला. मला हे वाचताना आजही संताप येतो.

चोरीतही हाच भेद. माल बारा पेन्सांपर्यंतचा असेल तर पेटी लार्सनी, त्यावर गेला की ग्रँड, आणि ग्रँडला फाशी होऊ शकत असे. मग ज्यूरीतली माणसं काय करत? चांगल्या महागाच्या मालाची किंमतही दहा पेन्स ठरवत आणि आरोपीचा जीव वाचवत. कायदा निर्दय असला की माणसं अशी वाट काढतात.

शब्दवेल्हाळ:
व्हिलनचं सरांनी बरोबर सांगितलं. लॅटिनमध्ये व्हिला म्हणजे शेतवाडी, तिथे राबणारा तो व्हिलन. इंग्लिश ‘नेव्ह’ (knave) म्हणजे आधी पोरगा, मग चाकर, मग लबाड. ‘मीन’ (mean) म्हणजे आधी सामाईक, सर्वसाधारण; पुढे हलका, कोत्या मनाचा. वरच्यांनी खालच्यांना नावं ठेवली आणि तीच रूढ झाली. आपला ‘गावंढळ’ याच वाटेने गेला.

उलट ठग आणि लूट हे शब्द इथूनच इंग्लिशमध्ये गेले. ठग गोड बोलून वाटसरूंचा विश्वास मिळवत आणि मग फास आवळत. इंग्लिशमधल्या ‘थग’मध्ये ते गोड बोलणं उरलंच नाही, नुसता दांडगट गुंड राहिला.

नदीकाठ:
खूप आभार! ठगांसाठी वेगळा कायदाही होता ना?

जुना दुभाषा:
हो, १८३६ चा. ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी सक्तमजुरीसह जन्मठेप, आणि तीही कायदा होण्याआधीच्या काळासाठी सुद्धा. पूर्वलक्षी प्रभावाच्या प्रश्नात हे उदाहरण जरूर लिहा. त्याच्या शेजारी आपल्या राज्यघटनेचं कलम २०(१) ठेवा; कृत्य घडलं तेव्हा जो कायदा नव्हता, त्याखाली शिक्षा करायला ते मनाई करतं.