प्रतिसाद : मुंबई केंद्र फक्त मुंबईचं नव्हतं

वर एकांनी लिहिलंय की मुंबई दूरदर्शन हे शहरी मध्यमवर्गाचं केंद्र होतं, खेड्यांशी त्याचा संबंध नव्हता. सुरुवातीपुरतं हे मान्य. २ ऑक्टोबर १९७२ला केंद्र सुरू झालं तेव्हा ते मुंबईच्या परिसरातच दिसायचं, आणि १९७३मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यात पोचलं. विदर्भाच्या खेड्यांत दूरदर्शन यायला बरीच वर्षं गेली.

पण आलं तेव्हा काय आलं, ते मी पाहिलंय. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. कवेलूच्या घरावर बांबूला बांधलेला ॲन्टेना, वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग एक पोरगा वर चढायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "अजून थोडा फिरव!" ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम लागला की आमचे आबाजी कोणाला बोलू देत नसत. "चूप बसा रे, पऱ्हाटीचं सांगून राह्यले." पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कापसाचं पीक. बोंडअळीवर कोणतं औषध, किती पाण्यात, हे ते माझ्याकडून वहीत लिहून घ्यायचे. कृषी केंद्रवाला जे हातात देईल ते आणायचं, ही सवय त्या वहीनं मोडली.

आज मुंबई केंद्राची ‘सह्याद्री’ वाहिनी दूरदर्शनच्या फ्री डिशवर महिन्याचं भाडं न देता दिसते. ज्या घरात रिचार्जला पैसे नसतात, तिथे ही गोष्ट लहान नाही. माझी तक्रार एकच आहे : कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्यांचा आवाज तिथे अजून फार कमी ऐकू येतो.