ऑडिओ इंटरफेस: बोटांना कळणारा घ्यावा की स्क्रीन रीडरला कळणारा?

खर्ज (धागाकर्ता)
मी जन्मापासून अंध. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, थोडं गातो. रेकॉर्डिंगला रीपर, त्याला स्क्रीन रीडरने चालवता यावं म्हणून ओसारा, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, असा संसार आहे. नुकताच एक इंटरफेस (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) घेतला आणि आठवड्यात परत केला, म्हणून हा धागा.

आवाज सुरेख होता, पण फॅन्टम पॉवरपासून (काही माइकना लागणारे ४८ व्होल्ट) हेडफोनच्या मिक्सपर्यंत सगळं कंपनीच्या अ‍ॅपमध्ये. टॅब दाबत राहिलो तर एनव्हीडीए फक्त खिडकीचं नाव सांगतो. एनव्हीडीए+आर दाबून ओसीआर केलं (चित्रातली अक्षरं वाचायला लावली) तर 'अठ्ठेचाळीस व्ही' एवढं वाचतो, पण चालू की बंद? ते रंगावर ठरतं म्हणे. शेवटी कर्सर अंदाजाने नेऊन क्लिक केलं आणि कानात 'थाड्' झालं तेव्हा कळलं की फॅन्टम लागला.

माझं मत ठाम आहे. ज्याचं एकही रोजचं काम अ‍ॅप उघडल्याशिवाय होत नाही, तो इंटरफेस अंधाने घेऊ नये. दोन्ही टोकांना अडणारा गेनचा (माइकचा आवाज किती वाढवायचा त्याचा) नॉब, दाबल्यावर आत राहणारं ४८ व्होल्टचं बटण, हेडफोनला स्वतंत्र व्हॉल्यूम. बाकी सजावट.

टॅबवाली
नॉबचं हे कौतुक आता जुनं झालं. चौथ्या पिढीचा स्कार्लेट २आय२ हातात घेऊन बघ. गेनचा नॉब नुसता गोल गोल फिरतो, टोकच नाही. कुठे आहोत ते भोवतीची दिव्यांची कडी सांगते, म्हणजे आपल्याला काहीच नाही. आत न राहणारी बटणं तर कितीतरी इंटरफेसवर असतात. दाबलं, सुटलं, आता बस विचार करत. 'हार्डवेअर आहे म्हणून अंधांना सोपं' हे तुझं गृहीतकच चुकीचं आहे.

उलट त्याच कंपनीचं फोकसराइट कंट्रोल २ स्क्रीन रीडरने चालतं. त्यांच्याच २०२२ च्या व्होकास्टर इंटरफेसचं हबही. तिथे गेनचा आकडा ऐकू येतो. तुझा अडणारा नॉब आकडा सांगतो का? 'साधारण दुपारच्या दोनवर' एवढंच. आणि ऑटो गेन वेगळाच. बटण दाबायचं, दहा सेकंद नेहमीच्या आवाजात बोलायचं, गेन आपोआप बसतो.

मुकी अ‍ॅप्स असतात, मान्य. पण ऑडिओवाले ज्यात खिडक्या बनवतात त्या ज्यूस फ्रेमवर्कमध्ये २०२१ च्या ६.१ आवृत्तीपासून स्क्रीन रीडरची सोय आहे. त्यावर बनलेलं अ‍ॅप अजून मुकं असेल तर तो आळस आहे. अशा कंपनीला पत्र लिहावं. त्यासाठी सगळ्या सॉफ्टवेअरवर फुली कशाला?

खर्ज
पत्रं लिहिली. 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे.' तो विभाग कुठे असतो देव जाणे.

आज बोलणारं अ‍ॅप उद्या नव्या रूपात आलं की मुकं होतं, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. नॉबला अपडेट येत नाही. पण बिनटोकाच्या नॉबचा मुद्दा मान्य. त्याच पिढीच्या स्कार्लेट सोलोला साधा, अडणारा नॉब आहे. एकच माइक असेल तर तो बघावा.

कानोसा
गेनवर एवढं भांडण कशाला? ३२-बिट फ्लोटवाला (बारीक-मोठा कुठलाही आवाज न फाटता टिपणारा) घ्या आणि गेन विसरा. झूमचा एच६ एसेन्शियल रेकॉर्डर २०२४ चा, स्वतःच मेनू बोलून दाखवतो, यूएसबीने जोडला की इंटरफेस होतो. बारीक आवाज नंतर वाढवा, मोठा कमी करा.

टॅबवाली
बोलणारे मेनू खरंच छान. पण रीपरमधली फाइलसुद्धा ३२-बिट फ्लोट ठेवायची हे लक्षात ठेवा, नाहीतर मुसळ केरात. आणि माइक तोंडापासून हातभर लांब असेल तर बिट वाढवून खोलीचा घुमारा जात नाही.

काळी_चार
सगळे गेन आणि फॅन्टमवर अडलेत. ते दिवसातून एकदा लावायचं काम. स्क्रीन रीडर मात्र दिवसभर बोलतो. त्याचा आवाज कुठून निघतो?

मी एका प्रकरणाचं दोन तासांचं वाचन टाकून दिलंय. एनव्हीडीए त्याच इंटरफेसमधून, त्याच हेडफोनमध्ये, आणि हेडफोन उघड्या पाठीचे, म्हणजे आवाज बाहेर गळणारे. शांत जागी मागे बारीक यंत्रवाणी. वाचताना कळलं नाही, कारण कानाला त्या आवाजाची इतकी सवय की तो ऐकूच येत नाही. लूपबॅक (कॉम्प्युटरचा आवाज परत रेकॉर्डिंगमध्ये वळवणारी सोय) चालू राहिला तर याहून वाईट, सरळ ट्रॅकवरच बोलतो बाबा.

दुसरं लचांड आसिओचं, म्हणजे विंडोजवर रेकॉर्डिंगसाठी वापरतात त्या ड्रायव्हरचं. काही ड्रायव्हर रीपरने उपकरण धरलं की दुसऱ्या कुणाला देत नाहीत. किंवा सॅम्पल रेट ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्झवर गेलात की स्क्रीन रीडर गप्प. डोळस माणसाला वाटेल गाणं थांबलं. आपला कॉम्प्युटरच थांबलेला असतो.

माझा उपाय: एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये आउटपुट डिव्हाइस म्हणून कॉम्प्युटरचं साधं साउंड कार्ड निवडायचं, त्याला एका कानाचा छोटा इअरफोन. इंटरफेस फक्त रीपरला. मग तो बोलका असो वा मुका, निदान वाचा जात नाही. मॅकवर व्हॉइसओव्हरलाही आउटपुट वेगळं देता येतं. आणि ऑडिओ डकिंग बंद ठेवा. ते चालू असेल तर स्क्रीन रीडर बोलला की बाकी आवाज खाली जातात, आणि आपण मिक्स बिघडलं म्हणून तासभर फेडर हलवत बसतो. (बसलोय.)

कानोसा
एका कानात इअरफोन आणि वरून हेडफोन? तासाभरात कान दुखतो. मी एकाच इंटरफेसमधून चालवतो. रीपरमध्ये थांबलेलं असताना आणि दुसऱ्या खिडकीत गेल्यावर ऑडिओ डिव्हाइस सोडून देण्याचा पर्याय आहे, तो लावा. बफर (आवाज पुढे देण्याआधी साठवायचा तुकडा) २५६ सॅम्पल ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला सव्वापाच मिलिसेकंदांहून जरा जास्त उशीर होतो. जाताना-येताना मिळून त्याच्या दुपटीच्या वर, पण वाचनाला चालतं.

काळी_चार
वाचनाला चालेल. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत गाताना मला चालत नाही. तिथे डायरेक्ट मॉनिटरिंगच (माइकचा आवाज कॉम्प्युटरकडे न जाता थेट हेडफोनमध्ये) हवं, आणि त्याचं बटण पुढच्या बाजूला हवं. इथे मी खर्जच्या बाजूने.

फेडर_वर
मी डोळस, रेकॉर्डिंगचंच काम करतो. राग मानू नका, पण एखाद्या डोळस मित्राकडून एकदाच सगळं लावून घेतलं आणि नंतर हात लावला नाही तर प्रश्न मिटत नाही का?

टॅबवाली
राग मानते. ड्रायव्हर अपडेट झाला, कॉम्प्युटर बदलला, माइक बदलला की रात्री अकराला मित्राला उठवू? तुम्ही तुमच्या स्टुडिओत फेडरला हात न लावता महिना काढून दाखवा.

फेडर_वर
बरोबर. शब्द मागे. मग एक सांगतो: मित्र कामाचा असेल तो इंटरफेस घेण्याआधी. दुकानात मागच्या-पुढच्या पॅनेलवर हात फिरवून बघा, कुठलं बटण आत राहतं ते दाबून बघा. मॅन्युअलमध्ये नुसतं चित्र असेल तर मित्राकडून क्रमाने लिहून घ्या.

खर्ज
हे उपयोगाचं. टॅबवाली, एक उलट प्रश्न. अ‍ॅप बोलतं म्हणतेस, पण आवाजाची पातळी दाखवणारा मीटर? सतत बदलणारा आकडा ते वाचत बसलं तर गाऊ कधी?

टॅबवाली
मीटर अ‍ॅपमध्ये ऐकायचाच कशाला? ओसारातलं पीक वॉचर उघड, उणे सहा डीबीची मर्यादा घाल. आवाज त्यापुढे गेला तरच बोलेल. कुठल्याही इंटरफेसला चालतं, तुझ्या अडणाऱ्या नॉबलासुद्धा.

खर्ज
आज रात्री लावतो. पण ४८ व्होल्टचं बटण मला दाबलेलंच राहायला हवं, त्यावर तडजोड नाही.