निवृत्त दोर, सुटा कॅरॅबिनर आणि घरची कामे : अनुभव धागा

धागाप्रवर्तक, पुणे

प्रस्तरारोहण करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी पलंगाखाली किंवा माळ्यावर एक सॅक अशी असते, जिच्यातील वस्तू कड्यावर नेता येत नाहीत आणि टाकून देववतही नाहीत. दोर दिसायला धडधाकट असतो. पण नायलॉनच्या वस्तू, वापरल्या असोत वा नसोत, बनल्यापासून फार तर १० वर्षांनी बाद कराव्यात असे बहुतेक उत्पादक सांगतात, आणि स्लिंग (पट्टीची मजबूत कडी) व हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) यांनाही तोच नियम लागू असतो. माझा ६० मीटरचा दोर मी असाच निवृत्त केला, त्याचे चार तुकडे केले आणि तेव्हापासून ते घरात मुक्तपणे वावरत आहेत.

या धाग्यात असेच अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. कोणती वस्तू, कोणत्या कामाला लावली आणि विशेषतः काय फसले, हे सविस्तर सांगावे. माझी अट एकच आहे : घरकामाला लागलेली वस्तू पुन्हा कड्यावर जाणार नाही.

ही अट मी एका रंगाऱ्यामुळे शिकलो. आमच्याकडे रंगकाम चालू असताना त्याने खुंटीवरचा माझा चांगला, चढाईचा दोर शिडी बांधायला घेतला आणि संध्याकाळी नीट गुंडाळून परत ठेवला. जाता जाता तो म्हणाला, "फरशीचं ॲसिड जरासं सांडलं होतं, पण पुसून घेतलंय." दोरावर डाग नव्हता, बोटांना खरखर लागत नव्हती, रंगही उडालेला नव्हता. नायलॉनला आम्लाने होणारी इजा अशीच असते. ती डोळ्यांना दिसेलच असे नाही. त्याच रात्री मी त्या दोराचे तुकडे केले, आणि आता घरच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी असते.

सातारा, गृहिणी

मी स्वतः कधी अजिंक्यताऱ्यापलीकडे चढलेले नाही, पण चिरंजीवांच्या सामानाचा उपयोग त्यांच्यापेक्षा मीच अधिक करते. दर गुढीपाडव्याला श्रीखंडासाठी दोन लिटर दुधाच्या दह्याचा चक्का टांगायचा असतो, आणि दरवर्षी माझी तक्रार तीच असे : रात्री घट्ट बांधलेली पुरचुंडी पाणी निथळले की आकसते, गाठ सैल पडते आणि पहाटे फडके दह्यासकट भांड्यात बसलेले असते. मुलाने एकदा त्याच्या सहा मिलीमीटर जाडीच्या दोरीचे कडे आणून दिले. ते फडक्याच्या मानेभोवती घालून त्याच्याच पोटातून ओढून घ्यायचे आणि वर कॅरॅबिनरने, म्हणजे उघडझाप होणारे दार असलेल्या धातूच्या कडीने, खिडकीच्या गजाला अडकवायचे. वजन जितके ओढेल तितका फास आवळतो. पुरचुंडी आकसली की फासही तिच्याबरोबर आवळत जातो आणि सकाळी चक्का खडखडीत मिळतो.

त्यात फसले ते एवढेच, की कडे नीट धुतले तरी आंबूस वास गेला नाही. मुलाने ते हुंगून पाहिले आणि काही न बोलता माझ्या ओट्याच्या खणात ठेवून दिले. तेव्हापासून ते माझे आहे.

पुणे, कोथरूड

आमचा अनुभव इशारा म्हणूनच घ्यावा. बारशासाठी पाळणा टांगताना छताच्या हुकाची आणि पाळण्याच्या कडीची इतकी कुरकुर होऊ लागली, की बाळ झोपले तरी घर जागेच राही. मी मध्ये स्क्रू-गेट (आट्याने बंद होणारे दार) असलेला ॲल्युमिनियमचा कॅरॅबिनर अडकवला आणि कुरकुर त्या क्षणी थांबली. आजींनी कौतुक केले, आल्यागेल्यांना मी तो दाखवू लागलो.

साधारण चार महिन्यांनी बाळाच्या पांढऱ्या दुपट्यावर काळसर पूड दिसली. आधी वाटले काजळ असेल, मग वाटले पंख्याची धूळ असेल. बोटावर घेऊन चोळली तेव्हा ती शिसपेन्सिलीसारखी चकाकली. वर चढून कॅरॅबिनर काढला तर त्याच्या वळणावर नख सहज अडकेल इतकी खाच पडली होती. कुरकुर थांबण्याचे कारण हेच होते, की लोखंडी हूक मऊ ॲल्युमिनियमला दिवसभर गपचूप कानशीप्रमाणे घासत होता. कड्यावर कॅरॅबिनरला मोठे झटके बसतात, पण रोज हजारो वेळा एकाच रेषेवर घासले जाण्यासाठी तो बनवलेलाच नाही. आता तेथे हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले पोलादी शॅकल (खिळीने बंद होणारी U आकाराची कडी) आहे आणि महिन्यातून एकदा मी त्याला ग्रीस लावतो.

धागाप्रवर्तक

वरील अनुभवाला जोडून एक गोष्ट. कॅरॅबिनरच्या अंगावर कोरलेले आकडे वाचण्याची सवय घरातही ठेवावी. लांबीच्या दिशेने २२ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २२०० किलोंचे वजन पेलणारा कॅरॅबिनर आडवा झाला किंवा त्याचे दार उघडे राहिले, तर ७-८ किलोन्यूटनांपर्यंत खाली येतो. भाजीच्या पिशव्यांना तेही रग्गड झाले. पण चाव्यांना अडकवायला मिळणारे रंगीत कॅरॅबिनर वेगळे. ते दिसतात तसेच, पण त्यांच्यावर माणूस टांगायचा नसतो. माझ्या स्कूटरला असाच एक आहे, आणि मंडईतून येताना त्याच्यावर कोथिंबिरीच्या जुडीपेक्षा जड काही नसते.

दापोली तालुका

आमची विहीर जांभ्या दगडात खोदलेली, सुमारे ४५ फूट खोल. दर दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात तिचा गाळ काढावा लागतो, आणि हे काम गावातले एक तात्या चाळीस वर्षे करत आले आहेत. कमरेला सुंभाचा दोर, पायाखाली भिंतीतल्या खोबणी आणि वर दोर धरणारे दोघे, हीच त्यांची पद्धत. मी मुंबईहून सामान घेऊन गेलो आणि हार्नेस पुढे केले, तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "म्हंजे आता या वयात मी ही चड्डी घालू?"

त्यांना तयार करायला चहाच्या दोन फेऱ्या लागल्या. विहिरीजवळच्या फणसाच्या बुंध्याला दोन स्वतंत्र स्लिंग बांधले, एकावर मुख्य दोर आणि दुसऱ्यावर सुरक्षेचा दोर. जांभ्याची कड कानशीसारखी असते, म्हणून तिच्यावर गोणपाटाच्या चार घड्या टाकल्या. त्या नसत्या तर दोराचे बाहेरचे आवरण पहिल्याच दिवशी सोलले गेले असते. चुकलो ते दोराच्या निवडीत. मी माझा जुना चढाईचा दोर आणला होता, जो पडणाऱ्याचा झटका शोषून घेण्यासाठी ताणला जातो. तात्या तळाशी पोहोचले खरे, पण पाटी उचलायला जरा वाकले की दोर त्यांना वर-खाली झुलवायचा, आणि खालून आमच्या पूर्वजांचा उद्धार ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरण्यासाठीचा, न ताणला जाणारा दोर मागवला, तेव्हा काम सुरळीत झाले.

जुनी रीत मात्र आम्ही एकही मोडली नाही. आधी पेटता कंदील खाली सोडला, कारण साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ज्योत विझते. मग दोराला पानांची मोठी फांदी बांधून ती बराच वेळ वर-खाली ओढली, म्हणजे तळाची हवा ढवळली जाते. कंदिलाला प्रत्येक विषारी वायू कळत नाही, म्हणून हार्नेसचा खरा उपयोग मला येथे वाटतो. खाली माणसाला भोवळ आली, तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेण्याऐवजी वरूनच त्याला खेचता आले पाहिजे. तीन पदरी कप्पीची रचना आम्ही बांधून ठेवली होती आणि रिकाम्या वेळात पुतण्याला लटकावून तिचा सरावही केला. कागदावर तिच्यात जोर तिप्पट होतो. पण पुरेशा कप्प्या नसल्यामुळे आम्ही एके ठिकाणी नुसता कॅरॅबिनर वापरला होता आणि त्याच्या घर्षणातच बरीच ताकद जिरली. दोघांनी ओढावे अशी योजना होती, प्रत्यक्षात तिसरा लागला.

तात्यांचा अभिप्राय संध्याकाळी मिळाला. ते म्हणाले, "दोन्ही हात मोकळे ऱ्हातात, ह्या बरा." हार्नेस त्यांनी परत केलेले नाही.

नाशिक, मळ्यातून

झोपाळ्याविषयी थोडक्यात. वरच्यांसारखीच चूक मीही केली. आंब्याच्या फांदीला चढाईच्या दोराचा झोपाळा बांधला. मुले बसली तोवर सर्व ठीक होते. नंतर आत्या बसल्या आणि पाच मीटरचे दोन्ही पदर जवळजवळ वीतभर ताणले जाऊन त्यांचे पाय थेट जमिनीला टेकले. सर्व जण हसले, आत्या हसल्या नाहीत. फांदीभोवती सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी, म्हणजे सालही वाचते आणि दोरही.

नागपूर

गच्चीवर कपडे वाळत घालायला जुना दोर लावण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण १० मिलीमीटरच्या दोरावर चिमटे बसत नाहीत, आणि ओल्या गोधड्यांच्या वजनाने तो पोट काढतो. मी सहा मिलीमीटरची दोरी लावली आणि तिच्या एका टोकाला प्रुसिक गाठीचे कडे बसवले. ही गाठ मोकळी असताना दोरावर सरकते आणि भार आला की जागच्या जागी धरते, त्यामुळे दोरी सैल झाली की एका हाताने ती पुन्हा ताणता येते. नागपूरचे ऊन नायलॉनला मानवत नाही. दोन उन्हाळ्यांत दोरी कडक झाली, हाताला पांढरा भुसा लागू लागला, आणि मी ती बदलली.

शेफील्ड, इंग्लंड

येथून जवळच स्टॅनेजचा वालुकाश्माचा लांबच लांब कडा आहे. आमच्या वृद्ध शेजाऱ्यांनी चढाई सोडली तेव्हा त्यांचे हेक्स मला दिले. भेगेत अडकवायचे हे पोकळ, षट्कोनी ॲल्युमिनियमचे तुकडे कमरेला लटकवून चालले की गोठ्यासारखा आवाज येतो. मी ते मागच्या फाटकाला टांगले. माझी आई येथे आली असताना टपालवाल्याने फाटक उघडले, आणि स्वयंपाकघरातून ती सहज म्हणाली, "गुरं आली वाटतं."

शेजाऱ्यांनी त्या निमित्ताने जुनी हकीकत सांगितली. अशी साधने विकत मिळण्यापूर्वी वेल्समधील क्लॉगविन दूर आर्दू या कड्याकडे जाताना आरोहक रेल्वेमार्गालगत पडलेले नट वेचत, आतले आटे कानशीने घासून काढत, म्हणजे दोरी कापली जात नसे, आणि ते दोरीत ओवून भेगांत ठोसत. आजही त्या साधनांना नटच म्हणतात. तेव्हा घरगुती कामाला सामान लावल्याचा संकोच मला तरी वाटत नाही. देवाणघेवाण जुनी आहे.

ठाणे

दहीहंडीच्या सुरक्षेचा प्रश्न २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजल्यानंतर आमच्या भागातील एका पथकाने वरच्या थरावरील मुलासाठी दोर सांभाळायला मला बोलावले. मला वाटले होते की हे नेहमीचे बिले देणे, म्हणजे चढणाऱ्याचा सुरक्षा-दोर सांभाळणे, आहे. ते तसे नाही.

कड्यावर आरोहक आणि दोर धरणारा एकमेकांशी बोलतात. येथे ढोल, बँजो आणि ध्वनिवर्धकांच्या गदारोळात मुलाचा आवाज मला ऐकू येणे शक्य नव्हते. तो खांद्यांवरून, पाठींवरून, कधी कोणाच्या डोक्यावर पाय देऊन चढतो, आणि दोर वरच्या क्रेनवरून माझ्या हातात येतो. दोर किंचित जास्त ताणला तर मुलगा थरावरून उचलला जातो आणि त्याचा भार गेल्यामुळे खालच्यांचा तोल बिघडतो. सैल सोडला तर थर कोसळताना तो आधी खालच्यांवर आदळतो आणि मग दोर त्याला धरतो. शिवाय मुलांच्या कमरा अरुंद असतात. चढाईचे कमरेचे हार्नेस त्यांच्यावर नीट बसत नाही आणि उलटे झाल्यास मूल त्यातून निसटू शकते, म्हणून छाती आणि खांद्यांवरूनही पट्टे जाणारे पूर्ण हार्नेसच हवे. हे मी पथकाला पटवून दिले, तेव्हा आयोजकांनी आणलेले स्वस्तातले हार्नेस परत गेले आणि थोडा वादही झाला.

सराव मोकळ्या मैदानात केला आणि थर मुद्दाम मोडून पाहिले. प्रत्यक्ष दिवशी सहावा थर लागताच खालून डावी बाजू बसली. माझ्या डोळ्यांसमोर सर्व माणसे ओल्या भिंतीसारखी खचली आणि वर, हंडीच्या हातभर खाली, तो एकटा मुलगा हवेत राहिला. दोन क्षण तो पाय झाडत होता, मग त्याला उमगले की आपण पडत नाही आहोत, आणि त्याने हात लांबवून हंडी फोडली. नियमात ते बसले नाही. आयोजकांनी बक्षीस दिले नाही, आणि त्यावरून रात्री उशिरापर्यंत हुज्जत चालू होती.

दही, पाणी आणि हळद यांनी दोर इतका माखला होता, की उतरवताना तो डिसेंडरमधून (दोर घर्षणाने रोखत सोडण्याच्या साधनातून) मला हवा त्यापेक्षा वेगाने सरकू लागला. पुढच्या वर्षी मी घर्षणासाठी एक जादा कॅरॅबिनर लावला. दोर कोमट पाण्यात तीनदा धुऊन सावलीत वाळवला, तरी मध्यावर पिवळा पट्टा राहिला. तो आता पथकाकडेच असतो.

अकोले तालुका

हरिश्चंद्रगडावरून येणाऱ्या एका गटाने मला जुना दोर दिला होता, त्याची म्हशींसाठी दावी केली. गळ्याला काचत नाहीत, भिजून कुजत नाहीत. मात्र दोरात वर्षानुवर्षांचा घाम मुरलेला असावा, कारण एका म्हशीने खारट चवीला लागून दावे चघळून चघळून आतला पांढरा गाभा बाहेर काढला. नायलॉन पोटात जाऊ नये म्हणून तिला पुन्हा सुताचे दावे बांधले. बाकीच्या म्हशींना ही चटक लागलेली नाही.

वाई, निवृत्त शिक्षक

माझा अनुभव अगदी लहान आहे. नातीची चॉक (चढताना हात घसरू नयेत म्हणून लावायची पांढरी पूड) ठेवण्याची कमरेची पिशवी मी पहाटे फुले तोडायला वापरतो. एका हाताने जास्वंदीची फांदी वाकवावी आणि दुसऱ्याने फूल खुडून कमरेशी टाकावे. परडी कोठे ठेवू, हा प्रश्न उरत नाही, आणि तिचे तोंड कडक असल्यामुळे न पाहताही हात आत जातो. पहिल्या दिवशी मी पिशवी झटकली होती, धुतली नव्हती. पूजेच्या वेळी लाल जास्वंदी पिठात घोळल्यासारख्या दिसू लागल्या आणि गणपतीच्या सोंडेवर मॅग्नेशियम कार्बोनेटचा एक पांढरा ठिपका उठला. नातीने तो पाहून विचारले, "आजोबा, बाप्पा पण क्लायंबिंगला जाऊन आले का?"