डेबियन 12 (लिनक्स) वर वायफाय दिसतच नाही, फर्मवेअर एरर -2 येतोय

टर्मिनल_सांगली:
नमस्कार मंडळी, लॅपटॉपमध्ये इंटेलचं एएक्स211 वायफाय कार्ड आहे, डेबियन 11 च्या 5.10 कर्नलवर (सिस्टीमचा गाभा) ते चालत नव्हतं म्हणून 12 वर अपग्रेड केलं, कर्नल आता 6.1 आहे तरी वायफायचा पत्ता नाही. एलएसपीसीआयमध्ये (हार्डवेअरची यादी देणारी कमांड) कार्ड दिसतंय. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लोड फेल, एरर -2 अशा ओळींवर ओळी, 72 नंबरपासून उतरत 39 पर्यंत, आणि शेवटी नो सुटेबल फर्मवेअर फाउंड. फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय पॅकेज आहे, सोर्सेस डॉट लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ती यादी) नॉन-फ्री विभाग पण आहे, ॲप्ट (पॅकेज टाकणारी कमांड) म्हणतं हेच लेटेस्ट. कार्ड गेलंय का?

कर्नलकट्टा:
कार्ड ठणठणीत आहे, काळजी नको. -2 म्हणजे फक्त फाइल सापडली नाही. ड्रायव्हर त्याला झेपणाऱ्या सगळ्यात नव्या व्हर्जनपासून खाली एकेक मागत जातो, लिब फोल्डरमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये एकही मिळाली नाही की थांबतो. मधलं एखादं जरी मिळालं असतं तरी वायफाय चालला असता, वरच्या ओळी लाल दिसल्या तरी.

खरी गोम ॲप्टमध्ये आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेऊन फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं, आणि 12 पासून ही पॅकेजेस नॉन-फ्रीमधून काढून नॉन-फ्री-फर्मवेअर नावाच्या वेगळ्या विभागात गेली. तुमच्या लिस्टमध्ये तो नाही, त्यामुळे 11 चं जुनंच पॅकेज बसून राहिलंय आणि ॲप्टला त्याच्यापुढचं काही दिसतच नाही. ॲप्ट पॉलिसी (कुठलं व्हर्जन बसलंय ते दाखवणारी कमांड) मारून बघा, व्हर्जन 2021 ने सुरू होत असेल.

सगळ्या ओळींच्या शेवटी, सिक्युरिटीच्या पण, नॉन-फ्री-फर्मवेअर जोडा. मोबाइलवरून यूएसबी टेदरिंग करा, ॲप्ट अपडेट, मग ते पॅकेज परत इन्स्टॉल. नंतर मॉडप्रोब कमांडने आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर काढून पुन्हा टाका किंवा सरळ रीबूट.

पेंग्विन_ठाणे:
वरचं बरोबर आहे, एक अगदी कळकळीने सांगतो, नेटवरून एकच युकोड (मुख्य फर्मवेअर) फाइल उचलून फोल्डरमध्ये टाकू नका, या कार्डाला सोबत पीएनव्हीएम फाइल पण असते ती हमखास राहून जाते, आणि हाताने टाकलेल्या फाइलचा ॲप्टकडे हिशोब नसतो. पॅकेजनेच करा.

टर्मिनल_सांगली:
पॉलिसीत 20210315 होतं! ओळ जोडली, 20230210 आलं, रीबूट केल्यावर वायफाय लगेच दिसला, मनापासून आभार. पण डीमेसेजमध्ये अजून एक -2 आहे, डीबग-योयो नावाच्या फाइलचा. त्याचं काय करू?

कर्नलकट्टा:
काही नाही. ती ड्रायव्हर डीबग करणाऱ्यांसाठी आहे, नसली तरी चालतं. ग्राफिक्सवाल्या फाइलचा असा एरर आला तर मात्र सोडू नका, तो ड्रायव्हर बूटच्या सुरुवातीलाच लोड होत असेल तर फाइल इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल-सिस्टीम) पण लागते, पॅकेज टाकून अपडेट-इनिटरामएफएस चालवा.